दाद

"मेल्या का?" मॅडमनी दारातूनच विचारलं.

काकांनी मायक्रोस्कोपवरचे डोळे उचलले नाहीत. फ्लास्क बोटानं जरासा सरकवून त्यांनी एक कोपरा पाहिला, मग दुसरा.

"नाही मॅडम. मजेत आहेत."

"खरंच?" मॅडम जवळजवळ धावतच आल्या. काकांना बाजूला सारून त्यांनी स्वतः पाहिलं आणि लहान मुलीसारखी टाळी वाजवली. "काका, चौदा महिन्यांचं तप फळाला आलं हो!"

काका त्या प्रयोगशाळेत एकतीस वर्षं होते. पेशी पाळणं हे त्यांचं काम. दर दोन दिवसांनी फ्लास्कमधलं जुनं गुलाबी पाणी काढायचं, नवं घालायचं, दाटी झाली की अर्ध्या पेशी दुसरीकडे हलवायच्या आणि सगळं परत इन्क्युबेटरच्या उबेत ठेवून दार हलकेच लावायचं. काम सांगायला सोपं. पण शिकलेसवरलेले लोक यायचे आणि त्यांच्या हातात पेशी चार दिवसांत माना टाकायच्या. काकांच्या हातात त्या जगायच्या. हातगुण, दुसरं काय!

हे काम मात्र उलट्या जातीचं होतं. कर्करोगाच्या पेशींना औषधाचा अगदी थोडा डोस द्यायचा. बहुतेक सगळ्या मरायच्या आणि धुळीसारख्या वर तरंगायच्या. तळाशी मूठभर चिकटून राहायच्या. त्या मूठभरांना काका खाऊपिऊ घालायचे, तीन आठवडे विश्रांती द्यायचे, आणि त्यांचा पुन्हा गोतावळा झाला की डोस किंचित वाढवायचे. पुन्हा मरण, पुन्हा मूठभर. आज ज्या डोसात त्या सुखानं नांदत होत्या, त्या डोसात चौदा महिन्यांपूर्वीची एकही पेशी दुसरा दिवस बघू शकली नसती. औषध पचवणं यांना जमतं कसं, हे मॅडमना शोधायचं होतं. त्यासाठी आधी अशा चिवट पेशी हाताशी हव्या होत्या. त्या आज मिळाल्या.

सगळ्यांनी व्हरांड्यात उभं राहून चहा घेतला. कुणीतरी काकांच्या पाठीवर थाप मारली. काका हसले. मग कप विसळून पालथा ठेवला, अर्ध्या दिवसाची रजा लिहिली आणि तीन रस्ते ओलांडून इस्पितळात गेले. तिथं त्यांच्या बायकोला तेच औषध चढत होतं.

त्यांची बायको शाळेत गाणं शिकवायची. तीस वर्षं शिकवलं. पोरं तिला बाई म्हणत, पोरांचे आईबाप बाई म्हणत, दूधवाला बाई म्हणे. शेवटी घरात काकाही बाईच म्हणू लागले होते. दोन वर्षांपूर्वी तिच्या पोटात गाठ निघाली. ऑपरेशन झालं, औषध झालं, रक्तातला गाठीचा आकडा झरझर उतरला आणि नऊ महिने सगळे आजार विसरून गेले. मग तो परत आला. आकडा वाढला, औषध पुन्हा सुरू झालं. आजचा चौथा डोस.

त्या दालनात बारा मोठ्या खुर्च्या होत्या, एका रांगेत, खिडक्यांकडे तोंड करून. दुपारचं ऊन पडद्यातून गाळून येत होतं आणि बाराही जण त्या पिवळसर उजेडात अर्धवट झोपेत तरंगत होते. बाईंचे डोळे मिटलेले होते. फक्त उजव्या हाताचं बोट खुर्चीच्या हातावर हळूहळू पडत होतं.

"आलात?" डोळे न उघडता ती म्हणाली. "हा थेंब बघा, मधेच ताल सोडतो. सिस्टरला सांगितलं मी. ती म्हणते, मशीन बरोबर आहे."

"मशीन बरोबरच असेल."

"मशीनला ताल कळतो का?" मग एक डोळा किलकिला करून तिनं पाहिलं. "खुशीत दिसताय आज."

"लॅबमधलं एक काम झालं."

"कोणतं?"

"आहे एक. तुला कंटाळा येईल."

"लग्न झाल्यापासून हेच ऐकतेय," ती म्हणाली आणि पुन्हा तरंगू लागली.

काकांनी टांगलेल्या पिशवीकडे पाहिलं. तिच्यावरचं नाव ते दर वेळी वाचत. सकाळी चष्मा लावून आपल्या बाटलीवर वाचलेलं, तेच.

डॉक्टर आले तेव्हा पिशवी संपत आली होती. त्यांच्या हातात कागद होता आणि तो ते उगाचच उलटसुलट करत होते. "सकाळचा रिपोर्ट आत्ता आला," ते म्हणाले. "आकडा वाढलाय, बाई. आधी वाटलं होतं, जरा वेळ लागतोय. पण आता... पेशी औषधाला दाद देत नाहीयेत."

"दाद देत नाहीत?" बाईंनी पूर्ण डोळे उघडले. "रसिक नाहीत मेल्या."

डॉक्टर हसले. शेजारच्या खुर्चीतली म्हातारी हसली. मग कुणीच हसेना. दुसरं एक औषध आहे, सावकाश विचार करून सांगा, असं म्हणून डॉक्टर पुढच्या खुर्चीकडे गेले.

घरी आल्यावर बाई कपडे न बदलता पलंगावर टेकली. काकांनी उशी पाठीशी लावून दिली.

"दाद देत नाहीत म्हणजे नेमकं काय होतं हो?" तिनं विचारलं. "डॉक्टर घाईत होते. तुम्ही सांगा. तुम्ही याच धंद्यातले."

काकांनी सांगायला सुरुवात केली आणि तीन वाक्यांत अडखळले. "म्हणजे असं बघ. गाठीतल्या सगळ्या पेशी सारख्या नसतात. कोट्यवधींत चारदोन अशा असतात की औषधाचं त्यांना काही वाटत नाही. औषधाच्या आधीपासूनच तशा असतात. बाकीच्या मरतात. मग मोकळ्या जागेत त्या चारदोनच वाढतात. त्यांच्या लेकी त्यांच्यासारख्याच. आणि औषध चालू राहिलं की काही जणी अजून नव्या युक्त्या काढतात."

"म्हणजे माझा सातवीचा वर्ग," ती म्हणाली. "एकदा 'गप्प बसा' म्हटलं की सगळी गप्प. मागच्या बाकावरची चार कार्टी सोडून. आवाज चढवला, तर त्यांना चढलेल्या आवाजाची सवय."

"तसंच."

"आणि तुम्ही काय करता तिथं? आज कशाला खूश होता?"

काकांनी तेही सांगितलं. चौदा महिने, थोडा डोस, मूठभर उरलेल्या, पुन्हा थोडा डोस.

"म्हणजे मागच्या बाकावरच्या पोरांना निवडून काढून तुम्ही त्यांचाच एक वर्ग भरवलात!" बाई इतकी हसली की तिला ठसका लागला. काकांनी पाणी दिलं. पाणी पिता पिता ती थांबली. पेला हातातच राहिला.

"तुम्हाला कधी कळलं?"

"काय?"

"माझं. दाद देत नाहीत ते."

काका खिडकीकडे बघू लागले. समोरच्या गच्चीवर कुणाची तरी चादर वाऱ्यानं फुगत होती आणि बसत होती.

"दुसऱ्या डोसानंतर," शेवटी ते म्हणाले. "आकडा उतरला, पण उतरायला हवा तसा नाही उतरला. फ्लास्कमध्ये आधी असंच दिसतं. पण खात्री नव्हती गं. फ्लास्क वेगळा, माणूस वेगळा."

"खात्री नव्हती. पण वाटत होतं."

"हो."

"तिसऱ्या डोसाच्या आठवड्यात शाळेचा कार्यक्रम होता," बाई म्हणाली. आवाज चढला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं. "पन्नास वर्षं झाली शाळेला. माझ्या सगळ्या तुकड्यांतली पोरं जमणार होती आणि मी गाऊन घेणार होते. मी त्या दिवशी बादलीपाशी बसले होते. तुम्ही पाठ चोळत होता. तेव्हा तुम्हाला वाटत होतं."

"मी बोललो असतो तर तू डोस सोडला असतास."

"सोडला असता नाहीतर घेतला असता. ते माझं मी बघितलं असतं ना?"

काकांनी तिच्या हातातला पेला काढून घेतला.

दोन दिवस ती बोलली नाही. अबोला धरणं तिच्या स्वभावात नव्हतं. रागावली की ती भांडायची आणि भांडण झालं की लगेच काहीतरी गुणगुणायची. आता घरात ना भांडण ना गुणगुण. काकांना लॅबमध्ये दुपारी स्टुलावरच डुलकी लागली. स्वप्नात त्यांनी इन्क्युबेटरचं दार उघडलं, तर आत गुलाबी उजेडात वर्ग भरलेला. पुढचे बाक सगळे रिकामे. मागच्या बाकावरच्या मुली वह्या उघडून, माना वर करून त्यांच्याकडे बघत होत्या. आता पुढचं शिकवा, अशा चेहऱ्यानं. ते दचकून जागे झाले. इन्क्युबेटर नेहमीसारखा मंद घुमत होता.

तिसऱ्या दिवशी सकाळी बाईंनी स्वतः उठून दोन कप चहा केला. एक त्यांच्यापुढे ठेवला.

"इथून पुढे जे दिसेल ते आधी मला सांगायचं," ती म्हणाली. "मॅडमच्या आधी, डॉक्टरांच्या आधी नाही जमलं तरी चालेल. पण मला सांगायचं. आणि साखर घालून नाही."

"हो."

"शपथबिपथ नको. नुसतं हो पुरे."

त्याच आठवड्यात तिचं पोट फुगलं. आत पाणी साठलं होतं. डॉक्टरांनी सुई घालून दोन लिटर काढलं. तिथंच पडल्या पडल्या बाईंनी विचारलं, "यात त्या पेशी असतात ना? हे फेकून देणार असाल तर यांच्या लॅबला द्या."

रीतसर कागद झाले, सही झाली. मॅडम स्वतः भेटायला आल्या आणि म्हणाल्या की वाढवायचं काम दुसऱ्या कुणाला तरी देऊ; काकांवर असला भार नको.

"दुसऱ्या कुणाच्या हातात मरून जातील त्या," बाई म्हणाली. "मग माझं पाणी फुकट. यांच्याकडेच द्या. फक्त एकदा मला दाखवा."

शनिवारी दुपारी, लॅब रिकामी असताना, ती आली. दोन जिने चढताना चार वेळा टेकली. काकांनी तिला आपला पांढरा कोट घातला; तो तिच्या अंगात गोधडीसारखा लोंबत होता. तिला मायक्रोस्कोपपुढे बसवून त्यांनी खुर्ची उंच केली.

"काही दिसत नाहीये."

"पापणी नको मिटूस. थांब जरा. पारदर्शक ठिपके दिसतायत? कडा चकाकतात त्या?"

"हां." ती आणखी पुढे वाकली. खोलीत फक्त यंत्रांची घुमघुम होती. "इतक्या शांत? मला वाटलं होतं, राक्षसासारख्या दिसतील. या तर गाद्या घालून झोपलेल्या मुलींसारख्या आहेत." आणि जरा वेळानं, "यांना काही माहीतच नाही हो."

"नाही."

"औषधाचं काय करतात या?"

"काहींच्या अंगाला बारीक पंप असतात. औषध आत आलं की उपसून बाहेर टाकतात. औषध पेशीच्या आतला धागा तोडतं, तो काही जणी पुन्हा सांधून घेतात. आणि काही नुसत्या झोपून राहतात. औषध धावपळ करणाऱ्यांना मारतं. झोपलेल्यांच्या वाटेला फारसं जात नाही."

"माझ्यातल्या कुठल्या?"

"तिन्ही असतील. एका घरात सगळी माणसं एका स्वभावाची असतात का?"

"नसतात," बाई म्हणाली. "एक बोलून टाकतं, एक गप्प बसतं." ती अजून मायक्रोस्कोपमध्येच बघत होती, त्यामुळे काकांना तिचा चेहरा दिसला नाही. पण तिनं मागे हात करून त्यांचा हात चाचपला आणि धरला.

डॉक्टरांनी सुचवलेलं दुसरं औषध मॅडमच्या यादीत होतंच. बाईंच्या पेशींवर त्यांनी पाच औषधं लावली, त्यांत तेही. आठवडाभरानं काकांनी मोजणी केली. पुन्हा केली. मग वही मॅडमपुढे ठेवली.

मॅडमनी आकडे वाचून चष्मा काढला. "काका, हे उपचारासाठी नाहीये. फ्लास्कमध्ये झालं म्हणून माणसात तसंच होईल, असं नाही. तुम्हाला माहीत आहे."

"माहीत आहे. मी फक्त तिला सांगणार आहे."

"सांगायलाच हवं का?"

"हो म्हटलंय मी," काका म्हणाले.

घर वीस मिनिटांच्या अंतरावर होतं. त्या दिवशी त्यांना तास लागला. 'अजून मोजणी व्हायचीय' असं म्हणता आलं असतं. 'एका औषधाचं बरं दिसतंय' असंही म्हणता आलं असतं, आणि पाचांतलं एक खरोखरच बरं दिसत होतं. फक्त ते औषध अजून कुठल्याच माणसाला देत नव्हते. जिन्याच्या प्रत्येक पायरीवर एकेक वाक्य जिभेवर यायचं आणि पुढच्या पायरीवर गळून पडायचं.

बाई सज्जात खुर्चीवर पाय घेऊन उन्हाला बसली होती.

"ते नवं औषध लावलं होतं," काका उभ्याउभ्याच म्हणाले. "शंभरातल्या नव्वद राहिल्या."

"म्हणजे पहिल्या वर्गात पास."

"हे फ्लास्कमधलं आहे. तुझ्यात वेगळं होऊ शकतं. डॉक्टर म्हणाले होते, दहांत एखाद्याला गुण येतो."

"आणि उलट्या?"

"दहाच्या दहांना."

बाई हसली. उन्हात तिचे डोळे मिटले होते आणि पापण्यांवर आता केस नव्हते, त्यामुळे चेहरा अगदी तान्ह्या मुलासारखा दिसत होता. "मग नको," ती म्हणाली. थोड्या वेळानं म्हणाली, "बसा की. रडायचं असलं तर रडा, पण उठून जाऊ नका."

काका बसले. ऊन सज्जातून सरकत भिंतीवर गेलं, भिंतीवरून वर गेलं, तरी दोघं तिथंच होती.

त्यानंतर ती अकरा आठवडे जगली. डॉक्टर दुखणं आटोक्यात ठेवायचे, दर पंधरा दिवसांनी पाणी काढायचे. बाकी वेळ तिचा होता. तिनं शाळेत निरोप धाडला. एका रविवारी दुपारी तिचे बावीस विद्यार्थी आले. कुणाचं पोट सुटलेलं, कुणाचे केस पांढरे. एक बँकेत साहेब होता, एक दातांचा डॉक्टर, एकीच्या कडेवर नातू. बाहेरच्या खोलीत मावेनात, तर स्वयंपाकघरापर्यंत उभे राहिले. चुकलेल्या कार्यक्रमातली सगळी गाणी बाईंनी पलंगावरून गाऊन घेतली, एका बोटानं. मधेच बोट थांबलं.

"मागे कोण बेसूर आहे? तूच ना रे? दात धरतोस तसा सूर धर की जरा!"

दातांचा डॉक्टर पन्नाशीचा होता. कानापर्यंत लाल होऊन म्हणाला, "हो बाई."

आवाज खिडकीतून रस्त्यावर गेला. खाली जाणारी माणसं थबकली, वर बघत उभी राहिली. काका स्वयंपाकघराच्या दारात पेल्यांचा ट्रे घेऊन उभे होते आणि तो कुठं ठेवावा ते त्यांना सुचत नव्हतं. कितीतरी दिवसांनी घर भरलं होतं, काठोकाठ.

शेवटच्या आठवड्यात ती बहुतेक झोपेतच होती. जागी झाली की एखादं वाक्य बोलायची, त्याच्या आधीचं आणि नंतरचं बहुधा तिच्या स्वप्नात असायचं. "खिडकी त्यांना उघडू दे," एकदा म्हणाली. एकदा म्हणाली, "अहो, तुमचे हात गरम आहेत." एका दुपारी काका चमच्यानं पाणी देत होते. तिनं दोन चमचे घेतले. तिसरा घेतला नाही.

पंधरा दिवसांनी काका कामावर आले. मॅडम म्हणाल्या, अजून थोडे दिवस राहायचं होतं घरी. काका म्हणाले, घरी काय करू? त्यांनी हात धुतले, हातमोजे चढवले आणि इन्क्युबेटर उघडला. तिच्या पेशी होत्या. मधल्या काळात दुसऱ्या कुणीतरी सांभाळल्या होत्या; जरा मलूल होत्या, पण होत्या.

वापरलेलं पाणी ज्यात ओततात ती ब्लीचची बाटली हाताशीच असते. फ्लास्कमधल्या सगळ्या मरायला दोन थेंब पुरतात. काकांनी फ्लास्क एका हातात धरला आणि बाटलीकडे बराच वेळ बघत राहिले. यांनी तिला नेलं, हे खरं होतं. आणि तिचं उबदार असं जगात एवढंच उरलं होतं, हेही खरं होतं. दोन्ही एकदम मनात मावेना. एक धरलं की दुसरं निसटायचं. मग त्यांनी तो नाद सोडला, जुनं पाणी काढलं, नवं घातलं. चार दिवसांत पेशी तरारल्या.

महिन्याभरानं दूरच्या एका संस्थेनं त्या पेशी मागितल्या. दाद न देणाऱ्या पेशींवर तिथं नवं औषध करून बघत होते. पाचांतलं ते एक. मॅडमनी हो म्हटलं आणि काकांकडे बघितलं. काकांनी मान डोलावली.

जिवंत पेशी पाठवायच्या तर फ्लास्क अगदी गळ्यापर्यंत भरतात, आत हवेचा बुडबुडा राहिला तर हेलकाव्यानं त्या सुटून येतात. काकांनी गुलाबी पाणी भरलं, झाकण घट्ट केलं, कापूस गुंडाळला, खोक्यात ठेवला, भोवतीनं अजून कापूस लावला. खोकं त्यांनी कुणाच्या हाती दिलं नाही, स्वतः खाली घेऊन गेले. कुरिअरवाला गाडीपाशी फॉर्म भरत उभा होता.

"आत काय लिहू, काका?"

काकांनी खोकं सरळ धरलं. "जिवंत आहे म्हणून लिहा. आडवं करू नका. आणि थंडी लागू देऊ नका."

"मागे सामान आदळतं हो फार," तो म्हणाला. त्यानं गाडीचं पुढचं दार उघडलं, आपल्या शेजारच्या सीटवरचा डबा आणि वर्तमानपत्र उचलून मागे टाकलं, आणि खोकं तिथं सरळ ठेवलं. जरा हलवून पाहिलं. मग वाकून सीटचा पट्टा ओढला, खोक्याच्या पोटावरून घेतला आणि खटका लावला.

"आता ठीक?" त्यानं विचारलं.

काकांनी खिडकीतून हात घालून पट्टा एकदा चाचपला. फार आवळला नव्हता.

"ठीक," ते म्हणाले आणि गाडीला वाट देण्यासाठी दोन पावलं मागे सरले.